मुंबई ते गोवा: २९ फुटी बोटीला मागच्या वाऱ्याचं शीड किती मोठं घ्यावं?

मांडवी२९
नमस्कार मंडळी. जाणकारांचं मत हवं आहे.

बोट २९ फुटी क्रूझर (प्रवासाची शिडाची बोट), पाण्याच्या रेषेवरची लांबी २४.५ फूट, वजन साधारण ३.६ टन. आय (डेकपासून फोरस्टेच्या, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेच्या, वरच्या टोकापर्यंतची उंची) ११.५ मीटर, जे (डोलकाठीपासून फोरस्टेच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर) ३.५ मीटर. मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड) २० चौ.मी., रोलरवर गुंडाळणारा १३५ टक्क्यांचा जेनोआ (पुढचं शीड, रुंदी जे च्या १.३५ पट), अंदाजे २७ चौ.मी. नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) बोस्प्रिट (पुढे निघालेला दांडा) नाही, फक्त नांगराचा रोलर. बोटीवर माणसं दोन, सुकाणूला टिलर पायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र). डिसेंबर ते मार्च या काळात मुंबईहून गोव्याला जायचं आहे, मुरुड, जयगड, विजयदुर्ग असे मुक्काम करत.

समोर दोन पर्याय आहेत. एक, ७० चौ.मी.चा वापरलेला सिमेट्रिक स्पिनेकर (दोन्ही कडा सारख्या असलेलं फुगणारं शीड), ते बाहेर धरणाऱ्या पोलसकट. दुसरा, नवा असिमेट्रिक (पुढची-मागची कड असमान, पोल न लागणारं शीड). त्यासाठी १.८ × आय × जे या हिशेबाने ७२ चौ.मी. सुचवलं गेलं आहे. दोघांच्या बोटीला हे जास्त होतंय का? आणि जास्त असेल तर किती घ्यावं, कशावरून ठरवावं?

वारामापी
आकाराआधी कोन बघा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

मुंबईहून दक्षिणेला जाताना तुमचा रोख साधारण १७० अंश. दुपारी खारे वारे सुरू होतात ते पश्चिमेकडून किंवा पश्चिम-वायव्येकडून. मग वारा घड्याळाच्या दिशेने सरकत वायव्येला येतो, आणि संध्याकाळपर्यंत बऱ्याचदा उत्तर-वायव्येला. म्हणजे एकाच दुपारी, एकाच रोखावर बोटीला लागणारा कोन सतत मागे जात राहतो. आकडे मांडून बघू.

सुरुवातीला वारा २९० अंशांवरून, १० नॉट, बोट ५.८ नॉट. वाऱ्याचा खरा कोन (नाळेपासून मोजलेला) १२०, पण बोट चालत असल्यामुळे बोटीवर जाणवणारा कोन ८५ अंश आणि जाणवणारा वारा ८.७ नॉट. हा जवळजवळ बीम रीच, म्हणजे थेट बाजूचा वारा, आहे. खांदे (वरचा भाग) रुंद असलेलं मोठं शीड इथे बोटीला आडवं करतं, पुढे नेत नाही.

मग वारा ३१५ वरून, १२ नॉट, बोट ५.५. खरा कोन १४५, जाणवणारा १२२, जाणवणारा वारा ८ नॉट. असिमेट्रिकसाठी ही सगळ्यात छान वेळ.

संध्याकाळी वारा ३३७ वरून, १२ नॉट, बोट ५. खरा कोन १६७, जाणवणारा १५८, जाणवणारा वारा ७ नॉट. इथे असिमेट्रिक मेनसेलच्या सावलीत जातं, कोसळतं, पुन्हा भरतं, आणि प्रत्येक वेळी डोलकाठीला हिसका बसतो.

८५ पासून १५८ पर्यंतचा हा सगळा पट्टा कुठलंही एक शीड झाकू शकत नाही. त्यामुळे ‘किती चौरस मीटर’ च्या आधी ‘यातला कुठला तुकडा या शिडाने करायचा’ ते ठरवा. माझं मत: ९५ ते १४५ जाणवणारा कोन असिमेट्रिकला द्या. त्याच्या मागचा भाग पोलवर बाहेर काढलेल्या जेनोआला, त्याच्या पुढचा साध्या जेनोआला. एकदा हे ठरलं की शिडाचा आकार आपोआप खाली येतो, कारण १५० च्या मागे खोल जायचं नसेल तर रुंद खांदे लागत नाहीत.

शिडशिलाई
वारामापी यांच्याशी सहमत. १.८ × आय × जे हा हिशेब मुळात शर्यतीच्या सिमेट्रिक स्पिनेकरच्या कमाल मापांवरून आला आहे: उभी कड फोरस्टेच्या ०.९५ पट, रुंदी जे च्या १.८ पट. तुमच्या बोटीचा फोरस्टे सुमारे १२ मीटर, म्हणजे कड ११.४ आणि रुंदी ६.३. ती नियमाने घातलेली वरची मर्यादा. बोटीला तेवढं लागतंच असं त्यातून निघत नाही. शर्यतीच्या बोटीवर पाच-सहा माणसं असतात, त्यातलं एक फक्त शीट (शीड ताणायची दोरी) धरून बसलेलं असतं.

क्षेत्रफळाच्या आधी लफची (शिडाच्या पुढच्या कडेची) लांबी काढा. ही लांबी कागदावरच्या आय वरून काढू नका, बोटीवर मोजा:

स्पिनेकर हॅलयार्डच्या (शीड वर चढवायच्या दोराच्या) शॅकलला (टोकाच्या कडीला) मोजपट्टी लावा आणि खाली ओढायला एक वेगळी दोरी बांधा. ती विसरलात तर शॅकल वरच अडकेल आणि डोलकाठीवर चढावं लागेल. शॅकल ब्लॉकला (कप्पीला) टेकेपर्यंत वर न्या, मग पट्टी शिडाचा टॅक (पुढचा खालचा कोपरा) जिथे येणार त्या बिंदूपर्यंत ताणून वाचा. पल्पिटला (नाळेवरच्या कठड्याला) टेकवून वाचू नका.

तुमच्या मापाच्या बोटीवर हे अंतर १२.३ मीटरच्या आसपास येईल असं धरू. त्यातून वजा करा: वरच्या शॅकल आणि स्विव्हलसाठी २० सेंमी. सॉक (शिडावरून वरखाली सरकणारी कापडी नळी) वापरणार असाल तर तो वर गोळा होऊन बसतो, त्याच्यासाठी ६० सेंमी. टॅक लाइन (टॅक धरणारी दोरी) वरखाली करायला किमान ५० सेंमी. उरले ११.० मीटर. असिमेट्रिकची लफ सरळ रेषेत उभी राहत नाही, वाऱ्याकडे बाक घेते, म्हणून तिची लांबी या अंतरापेक्षा पाच-सहा टक्के जास्त चालते. म्हणजे ११.७ मीटर.

आता बाकीची मापं: लीच (मागची कड) १०.६, खालची कड ६.२, मधली रुंदी ५.८. क्षेत्रफळ असं काढा:

०.८३ × (लफ + लीच) ÷ २ × (खालची कड + ४ × मधली रुंदी) ÷ ५

तुमच्यासाठी ०.८३ × ११.१५ × ५.८८ = ५४.४ चौ.मी. हे १.३५ × आय × जे झालं, म्हणजे त्या ७२ च्या पाऊणपट. दोन माणसांच्या बोटीला मी याच्या वर जाणार नाही.

या सूत्रात मधल्या रुंदीला चौपट वजन आहे ते लक्षात घ्या. तीच लफ आणि तीच खालची कड ठेवून मधली रुंदी ५.८ वरून ५.० केली की क्षेत्रफळ ४८.५ वर येतं आणि शीड बरंच सपाट होतं. म्हणून कोणी नुसतं ‘५५ चौ.मी.’ सांगितलं तर चारही मापं मागा. सारख्याच क्षेत्रफळाची दोन शिडं वेगवेगळ्या कोनांना चालणारी असू शकतात.

रेवदंडा_लाट
थोडी वेगळी बाजू मांडतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा मरतो आणि खारा वारा उठेपर्यंत दोन-तीन तास ५-६ नॉटच असतात. तेव्हा प्रत्येक चौरस मीटर कामाचा असतो. मोठं शीड लहान वाऱ्यात चालवता येतं, लहान शीड मोठं करता येत नाही. आणि सिमेट्रिकला पोल असल्यामुळे तो १६५ पर्यंत खोल जातो, ज्या कोनाला असिमेट्रिक कोसळतं त्याच कोनाला. ७० चौ.मी. पोलसकट मिळत असेल तर तो सोडू नये असं मला वाटतं.

वारामापी
रेवदंडा, खोल कोनाचा मुद्दा बरोबर आहे, तो नाकारत नाही. पण हलक्या वाऱ्यातला फायदा मोजून बघा. मेनसेल धरून एकूण शीड ९० ऐवजी ७४ चौ.मी. होतं, म्हणजे १८ टक्के कमी. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या जवळपास वाढतो, त्यामुळे वेगात घट ९-१० टक्क्यांच्या आसपास. बोट ४ नॉटने जात असेल तर अर्ध्या नॉटपेक्षाही कमी गमावता.

आता दुसरी बाजू. खरा वारा १५ नॉट, बोट ६ नॉट, वारा थेट मागून: जाणवणारा वारा फक्त ९. सगळं शांत वाटतं. ७० चौ.मी.वर ढोबळ ओढ ११० किलो, ५४ वर ८५ किलो. मग समोर जाळ्याचा बावटा दिसतो आणि तुम्ही बोट बीम रीचपर्यंत वळवता. जाणवणारा वारा लगेच १६ नॉट. ओढ तिपटीहून जास्त: ७० वर साधारण ३५५ किलो, ५४ वर २७५. आणि ही ओढ आता पुढे नाही, आडवी आहे. ३.६ टनांच्या बोटीचं रडर (सुकाणूचं पातं) आणि टिलर पायलट ज्या क्षणी हार मानतात तो हाच.

शिवाय तुमच्या बोटीचा हल स्पीड (पाण्याच्या रेषेवरच्या लांबीने ठरणारी वेगाची मर्यादा) ६.६ नॉट. १४-१५ नॉट वाऱ्यात ५४ चौ.मी.सुद्धा तुम्हाला तिथपर्यंत नेतं. त्यावरचं शीड फक्त सुकाणू जड करतं.

मांडवी२९
आकडेमोड पटली, असिमेट्रिक ५४-५५ नक्की. आता फिटिंगचं विचारतो. टॅक नांगराच्या रोलरलाच बांधला तर चालेल का? आणि सॉक घ्यावा की वरून गुंडाळणारा फर्लर?

सुकाणूवाली
रोलरला बांधू नका. नांगराचा रोलर खालच्या दिशेच्या ओढीसाठी बनवलेला असतो. शिडाची ओढ वर आणि बाजूला असते. गालपट्ट्या वाकतात, आणि रोलरची पिन नुसत्या स्प्लिट पिनवर असेल तर ती निसटते. शिवाय रोलर पल्पिटच्या आत असेल तर शिडाची खालची कड पल्पिटवर घासून महिनाभरात फाटते.

दोन मार्ग आहेत. साधा मार्ग: नाळेच्या अगदी टोकाला डेकमधून आरपार बोल्ट केलेला पॅडआय (दोर अडकवायची कडी). खालून किमान ५-६ मिमी जाडीची स्टेनलेस किंवा जी-१० (फायबरग्लास-इपॉक्सी) ची प्लेट, डेकमध्ये बाल्सा लाकूड असेल तर भोकं आधी मोठी करून इपॉक्सीने भरून पुन्हा पाडायची. त्यावर ब्लॉक, ब्लॉकमधून ८ मिमी डायनिमाची (न ताणणाऱ्या मजबूत धाग्याची) टॅक लाइन, आणि ती कॉकपिटपर्यंत. टॅक लाइन कॉकपिटमधून सोडता आली पाहिजे, नाळेवर क्लीटला बांधून ठेवायची नाही.

चांगला मार्ग: ६० ते ७० सेंमीचा बोस्प्रिट, खालून बॉबस्टेसकट (त्याला खाली ओढून धरणाऱ्या तारेसकट). त्याने शीड गुंडाळलेल्या जेनोआपासून आणि मेनसेलच्या सावलीपासून लांब जातं, आणि जाइब करताना (मागच्या वाऱ्यात शीड दुसऱ्या बाजूला नेताना) फोरस्टेच्या पुढून जायला जागा मिळते. मात्र बोस्प्रिट बसवणार असाल तर तो आधी बसवा, मग लफ मोजा. शीड आधी शिवून घेतलं आणि बोस्प्रिट नंतर आला तर सगळी मापं चुकतात.

सॉक की फर्लर: या मापाच्या शिडाला आणि दोन माणसांना सॉक. वरून गुंडाळणाऱ्या फर्लरला पीळ न पडणारी खास दोरी लागते, हॅलयार्ड कडक ताणावा लागतो, आणि वारा वाढल्यावर घाईत गुंडाळलं तर मधे फुगा राहतो. तो फुगा पुढे रात्रभर फडफडतो. सॉकची किंमत कमी आणि चूक झाली तर ती दिसते.

सॉकची खाली ओढायची दोरी डेकवरच्या एका ब्लॉकमधून फिरवून घ्या, म्हणजे तुम्ही वर न खेचता डेकवर बसून मागे खेचाल. शरीराचं वजन कामी येतं आणि पाय उचलले जात नाहीत.

शीट: प्रत्येकी बोटीच्या दुप्पट लांब, म्हणजे १८ मीटर, ८ मिमी. ब्लॉक अगदी मागच्या कोपऱ्यात. क्लूला (शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला) धातूचा शॅकल लावू नका, दोरीचा सॉफ्ट शॅकल लावा. फडफडणाऱ्या क्लूवरचा धातू डोक्याला लागला तर जीवावर बेततं.

उतरवायचा क्रम, दोघांसाठी:
१. पायलट १५०-१६० अंशांवर लावा, शीड मेनसेलच्या सावलीत येऊ द्या.
२. एकजण नाळेवर जाऊन सॉकची दोरी धरून बसतो, आणि मगच दुसरा शीट सोडतो. शीट आधी सुटली तर शीड बाहेर उडतं आणि सॉकचं तोंड त्यावरून सरकत नाही.
३. सॉक पूर्ण खाली आला की हॅलयार्ड सोडा. तो विंचवर दोन वेढे घेऊन हळूहळू, मोकळा सोडायचा नाही.

शीट सोडूनही सॉक उतरत नसेल तर टॅक लाइन दोन-तीन मीटर सोडा. शिडाची लफ मोकळी होते आणि दाब लगेच उतरतो.

जाइबसुद्धा दोघांनी सॉक खाली ओढूनच करावा. शीड झाकायचं, मेनसेल जाइब, शीट दुसऱ्या बाजूने फोरस्टेच्या पुढून फिरवायची, सॉक वर. पाच मिनिटं जातात, पण गुंता होत नाही.

रेवदंडा_लाट
सॉकबद्दल एक भर. शीड सॉकमध्ये भरताना एक कड पूर्ण सरळ हातात धरून टॅकपासून वरपर्यंत तपासा. आत एक पीळ राहिला तर वर गेल्यावर शीड मधोमध गाठ घेतं आणि वरचा-खालचा असे दोन फुगे होतात. लफला लाल टेप आणि लीचला हिरवी शिवून घेतली की चूक राहत नाही.

फोरस्टेभोवती शीड गुंडाळलं जाण्याचं कारणही सांगतो. खोल कोन, मागून लाट आणि कोसळलेलं शीड, हे तीन एकत्र आले की मेनसेलच्या मागून उलटा फिरणारा वारा शिडाला फोरस्टेभोवती फिरवतो. अशा वेळी ते खाली खेचू नका, गाठ आणखी घट्ट होते. मेनसेल दुसऱ्या बाजूला जाइब करा आणि बोट खोल चालवा. वाऱ्याचा फिरण्याचा रोख उलटतो आणि बऱ्याचदा तेच शीड स्वतःहून उलगडतं. जेनोआ गुंडाळल्यावर त्याच्या शीटचे दोन वेढे जास्त घेऊन ठेवा, नाहीतर त्याचा एखादा कोपरा यातच उघडतो.

आणि हो, सिमेट्रिकचा आग्रह मागे घेतो. दोन माणसांत पोल आणि त्याच्या दोऱ्या (टॉपिंग लिफ्ट, फोरगाय, आफ्टरगाय) सांभाळून जाळी चुकवणं कठीण आहे.

मांडवी२९
मग संध्याकाळी वारा १६० च्या मागे गेला की पोलवरचा जेनोआ. तो पोल किती लांब हवा? जे एवढा ३.५ मीटर पुरेल?

वारामापी
पुरेल, पण पूर्ण जेनोआला नाही. १३५ टक्क्यांच्या जेनोआची खालची कड साधारण ४.९ मीटर. ३.५ च्या पोलवर पूर्ण उघडलात तर मधे पोट पडतं आणि लाटेवर ते आपटत राहतं. जेनोआ १०५-११० टक्क्यांपर्यंत गुंडाळा, खालची कड पोलवर ताणून बसली पाहिजे. १० नॉटपेक्षा जास्त वाऱ्यात तेवढं पुष्कळ होतं. हलक्या वाऱ्यातही पूर्ण शीड हवं असेल तर ४.५ मीटरपर्यंत लांबणारा टेलिस्कोपिक पोल.

पोल आधी उभा करायचा, शीड नंतर. वर उचलून धरणारी टॉपिंग लिफ्ट, पुढे ओढणारी आणि मागे ओढणारी अशा तीन दोऱ्यांनी पोल आपल्या जागी पक्का, जेनोआची शीट त्याच्या जबड्यातून, आणि मग रोलर उघडायचा. असं केलं की झोत आला तर शीट सोडून जेनोआ गुंडाळता येतो आणि पोल तसाच उभा राहतो. पोलला फक्त शीटवर टांगला तर शीट सोडताच तो फोरस्टेवर जाऊन आदळतो.

मेनसेलला प्रिव्हेंटर (बूम, म्हणजे मेनसेलचा खालचा दांडा, अचानक उलटू न देणारी दोरी) हवाच. बूमच्या टोकापासून नाळेपर्यंत आणि तिथून कॉकपिटला परत. बूमच्या मधोमध बांधलात आणि बूमचं टोक पाण्यात बुडलं तर बूम त्या जागी मोडतो.

थेट मागून जायचं की तिरकं? १५० अंशांवर नागमोडी गेलात तर अंतर १५ टक्के वाढतं, १४५ वर २२ टक्के. ८ नॉट वाऱ्यात असिमेट्रिकवर तेवढा वेग सहसा भरून निघतो. १४ नॉटला निघत नाही, कारण बोट तशीही हल स्पीडजवळ असते. तेव्हा सरळ पोल.

सुकाणूवाली
असिमेट्रिक केव्हा उतरवायचा ते निघण्याआधीच ठरवून लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहा. माझ्या मते तुमच्या बोटीला: खरा वारा सलग १४ नॉट, किंवा पायलट एकाच बाजूला जोर लावत राहतो, किंवा वेग ६.५ च्या वर टिकून आहे. तिन्हींपैकी एक झालं तरी पुरे. मागून वारा असताना फक्त जाणवणाऱ्या वाऱ्याचा आकडा बघू नका, तो ८-९ दाखवत असतो आणि खरा १५ झालेला असतो.

आणि सूर्यास्ताच्या आधी असिमेट्रिक खाली, वारा कितीही छान असो. किनाऱ्यापासून दहा-पंधरा मैलांत जाळी, बांबूचे बावटे आणि दिवे नसलेल्या होड्या असतात. अंधारात अचानक वाऱ्याकडे वळावं लागलं तर ५४ चौ.मी. घेऊन वळता येत नाही. पोलवरचा जेनोआ निदान अर्ध्या मिनिटात गुंडाळता येतो.

मांडवी२९
सर्वांचे मनापासून आभार. शेवटचं विचारतो: कापड किती जाडीचं? आणि ऑर्डर देताना आणखी काय कळवावं?

शिडशिलाई
०.७५ औंसाचं नायलॉन, चौरस मीटरला साधारण ४० ग्रॅम. ०.५ औंसाचं हलक्या वाऱ्यात सुंदर फुगतं पण पल्पिटच्या एका टोकाने फाटतं. १.५ औंसाचं, सुमारे ६५ ग्रॅम, ६ नॉट वाऱ्यात लटकून राहतं आणि तुमच्या सकाळी वाया जातात. तिन्ही कोपऱ्यांना मात्र पॉलिएस्टरचे थर आणि वेबिंग हवंच. फाटतं ते सहसा कोपऱ्याच्या थरांच्या कडेपासून, जिथे जाड कापड संपून पातळ सुरू होतं. म्हणून थर पायरीपायरीने कमी होत जातात का ते विचारा.

वापरलेलं घेण्याचा विचार अजून असेल तर कापड उजेडासमोर धरून सुयांची भोकं रुंदावली आहेत का बघा. मग कडेजवळ दोन अंगठ्यांनी ताणून बघा. उन्हाने मेलेलं नायलॉन कागदासारखं फाटतं, आणि असं शीड पॅच लावून वाचत नाही, फाट पॅचच्या शेजारून पुढे जाते.

खाऱ्या पाण्याने भिजलेलं शीड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मीठ हवेतला ओलावा ओढतं, शीड जड राहतं आणि हलक्या वाऱ्यात उभंच राहत नाही. छोट्या फाटीला रिपस्टॉप टेप दोन्ही बाजूंनी, कोपरे गोल कापून, आणि चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करून.

ऑर्डरमध्ये हे कळवा: बोटीवर मोजलेलं ब्लॉक ते टॅक अंतर, बोस्प्रिट आहे की नाही आणि किती, सॉकसकट हवं हे, टॅक डेकपासून किती उंचीवर चालवणार ते, पल्पिटची उंची, शीटचे ब्लॉक टॅकपासून किती मागे आहेत ते, आणि जाणवणारा कोन ९५ ते १४५. खालची कड पल्पिटच्या वरून मोकळी गेली पाहिजे हे वेगळं लिहा, नाहीतर कड पूर्ण खालपर्यंत काढली जाते. स्पिनेकर हॅलयार्डचा ब्लॉक फोरस्टेच्या वर आणि पुढे, फिरणाऱ्या क्रेनवर आहे ना तेही डोलकाठीवर चढून बघून घ्या. तो जेनोआच्या हॅलयार्डच्या खोबणीतूनच येत असेल तर शीड बाजूला गेल्यावर दोर फोरस्टेवर आणि खोबणीच्या कडेवर घासतो, आणि गोव्याला पोचेपर्यंत त्याचं आवरण निघून येतं. ब्लॉक बदलावा लागला तर त्याची उंची बदलेल, म्हणून लफ त्यानंतरच मोजा.